पाट्याचा चौथा पाय

मी दगडाचा पाटा आहे. बोलायला मला वेळ लागतो. तुम्हाला घाई असेल तर पुढं जा, मी रागावणार नाही. माझ्यापुढून घाईनं गेलेली माणसं मी खूप पाहिली. पण जरा सावली बघून टेकणार असाल तर सांगतो.

सध्या मी एका लहान गावात, शाळेच्या ओसरीवर असतो. वालूरहून आत जाणारा रस्ता जिथं खडीचा होतो, तिथून पुढं आमचं गाव. अंगानं मी काळा, मधे खोलगट, आणि खाली पाय असलेला. पाय असलेला पाटा तुम्ही कदाचित पाहिला नसेल. आता तसे कुणी घडवत नाही. मला चार पाय होते. त्यातला एक मोडला, ते पुढं येईलच. बरीच वर्षं मी तीन पायांवर आणि एका अर्ध्या विटेवर उभा होतो. पोरं माझ्यावर बसली की मी डुगडुगायचो आणि त्यांना त्याचीच मौज वाटायची.

माणसं म्हणतात, दगड थकत नाही. थकतो. फक्त दिसत नाही.

माझा जन्म या शिवारातला नाही. लांबच्या डोंगरातून मला काढलं, गाडीवर घालून इथं आणलं आणि एका म्हाताऱ्यानं छिन्नीनं घडवलं. पाय घडवताना तो श्वास रोखून धरायचा, तेवढं आठवतं. राजा कोण होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाट्यापर्यंत राजा येत नाही. मीठ येतं, धने येतात, हळद येते. माझ्या काळी तिखट म्हणजे मिरी, तीही सणासुदीला. सातवाहन हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते या शाळेत, फार फार उशिरा.

एका घरात मी होतो. घरातली बाई उकिडवी बसून वाटायची. माझ्या मधला खोलगटपणा तिच्या मनगटानं सुरू केला. तिच्यामागून तिची सून आली, मग तिची सून. एके दिवशी घोडे आले. धूर झाला, ओरडाआरडा झाला, आणि अर्धे वाटलेले धने माझ्या अंगावर तसेच राहिले. कितीतरी दिवस कुणीच आलं नाही. धने वाळून गेले, मुंग्यांनी नेले.

मग एक दुसरीच बाई आली. तिची भाषा मला कळेना. ज्यांनी धूर केला त्यांच्यासोबत आलेली असावी. पहिल्या दिवशी तिनं मला धुतलं आणि वाटता वाटता रडली. हल्ला करणाऱ्यालाही संध्याकाळी भूक लागते, आणि त्याच्यासाठी कुणाला तरी वाटायला बसावं लागतं. मनगट मात्र तसंच होतं, तोच जोर, तीच ओढ. तिची मुलगी माझ्याशेजारी रांगली. मुलगी मोठी होईपर्यंत ते कुठून आले हे घरात कुणी बोलेनासं झालं. मीही विसरलो.

असं फिरून फिरून झालं. मग वस्तीच उठली. पाणी आटलं म्हणून, की आजार आला म्हणून, मला माहीत नाही. भिंत माझ्यावर पडली. तिच्यावर माती, मातीवर दुसऱ्या कुणाच्या भिंती, त्याही पडल्या. माझा वरवंटा कुठंतरी बाजूलाच असेल, पण मातीत हाक ऐकू जात नाही. मी झोपलो.

गावात एक टेकाड आहे, पांढरीचं. जुनी वस्ती मुरून झालेली ती पांढरी माती. माळवदाच्या छतावर ती अंथरली की पावसात घर गळत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी माणसं टोपलं घेऊन तिथं खणायची. भुजंगराव आता म्हातारे झालेत, ते लहान होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी तिथं कुदळ मारली. ती थेट माझ्या पायावर बसली. पाय तुटला आणि मी जागा झालो.

आधी त्यांना वाटलं, देव आहे. भुजंगरावांच्या आजीनं मला शेंदूर लावला. काही दिवस मी देव होतो. मग शेजारच्या एका म्हातारीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आगं, हा पाटा हाय की." झालं. शेंदूर धुतला, पायाच्या जागी वीट लावली आणि मला चुलीपाशी नेलं. मला काही वाईट वाटलं नाही. देव होऊन बसण्यापेक्षा वाटण बरं. तिथंच मला पहिल्यांदा लाल मिरची भेटली. झोंबली. आता हे गाव ठेच्याला आपला म्हणतं. मी काही बोलत नाही.

त्या घरात विमलाबाई सून म्हणून आल्या. बैलगाडीतून आल्या, पालमहून. अंगाला हळदीचा वास होता आणि मनगट बारीक होतं. सासूबाई पाठीमागं उभ्या राहून सांगायच्या, "आमच्यात असं वाटत न्हाईत. तुमच्या पालमात वाटत असतील." विमलाबाई मान खाली घालून पुन्हा वाटायच्या. डोळ्यातलं पाणी पडलं तरी मिरचीमुळं म्हणता यायचं. पाट्याजवळ बसण्याचा तेवढा फायदा.

त्यांनी माझ्यावर खूप वाटलं. मी झिजलो, त्याही झिजल्या. मग घरात मिक्सर आला. मला अंगणात ठेवलं. भुजंगराव माझ्यावर बसून दाढी करायचे, कोंबड्या निजायच्या. पाट्याला टाकी लावली नाही, म्हणजे छिन्नीनं बारीक टोचे मारून पुन्हा खरखरीत केलं नाही, तर तो गुळगुळीत होतो आणि नुसता दगड उरतो. तसा मी झालो होतो.

मग सत्यशीलाबाई आल्या.

सत्यशीलाबाई शाळेत तिसरी-चौथीला शिकवतात. वालूरहून स्कूटीवर येतात. आवाज लहान, पण पोरं गप्प बसतात. एकदा हजेरीत नसलेल्या पोराला शोधत त्या भुजंगरावांच्या अंगणात आल्या आणि मला बघून थांबल्याच.

"काका, हा पाटा मला शाळेसाठी द्याल का?"

भुजंगराव अर्ध्या दाढीत म्हणाले, "न्या की. पण मी दाढी कुठं करू?"

"शाळेत या करायला."

असा मी शाळेत आलो. बाईंनी मला ओसरीवर मधोमध ठेवलं. मागं भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर आपला देश आणि चारी बाजूंनी आत येणारे बाण. यवन, शक, कुशाण, हूण, प्रत्येकाचा रंग वेगळा. बाई सांगायच्या, "कुणी लढायला आलं, कुणी व्यापाराला, कुणी गुरं घेऊन गवताच्या मागं. काही गेले. बरेचसे राहिले. बन्सीधर सरांच्या खोलीत पंचांग आहे ना, त्यावर शके लिहिलेलं असतं. शक लोक आले, लढले, आणि त्यांच्या नावानं आपण अजून वर्ष मोजतो."

पोरं जांभया द्यायची. हूण काय आणि कुशाण काय, त्यांना सगळे बाण सारखेच. म्हणून बाईंनी खेळ काढला. त्या खेळानंच सगळं झालं.

"आज घरी जायचं," त्या म्हणाल्या, "आणि मोठ्या माणसाला विचारायचं, आपण या गावात कुठून आलो. उद्या सांगायचं. मग जे बाहेरून आले ते हल्लेवाले आणि जे इथले ते वस्तीवाले. आणि खेळायचं."

दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती फक्कीचं पांढरं रिंगण आखलेलं होतं. तुरी काढून झाल्या होत्या, म्हणून घोड्यांसाठी तुराट्या आणल्या होत्या. बाई एकेकाला विचारू लागल्या.

भुजंगरावांचा नातू वरद उभा राहिला. "आबा म्हणले, आमी पयल्यापासून हितलेच. गाव बसलं तवापासून."

"आमीबी हितलेच," मैत्रेयी म्हणाली.

"आमचे पप्पा म्हणले, बाईला कशाला पायजे? कागदं मागायलेत का?" श्रीराम म्हणाला. "पण हितलेच म्हणून सांग म्हणले."

एकामागून एक सगळे इथलेच निघाले. शेवटी सृष्टी उठली. सृष्टी नवीन होती. तिचे आईबाप दगड घडवतात. पाटे, जाती, खलबत्ते. गावाच्या टोकाला बाभळीखाली त्यांचं पाल होतं. वर्षभर गावोगाव फिरणारी ती माणसं. पण सृष्टीची आई राजेश्री हिनं ठरवलं होतं की पोरगी चौथी पास होईपर्यंत इथून हलायचं नाही. हे बाईंनीच एकदा सरांना सांगितलं होतं.

"आमी हितले न्हाई," सृष्टी म्हणाली. "मी पूर्णेच्या पुलाजवळ झाले. माझा भाऊ गंगाखेडच्या रस्त्याला. बाबा कुठं झाला त्याचं त्यालाच ठाव न्हाई."

वर्ग हसला. सृष्टीही हसली. बाई काही बोलणार, तेवढ्यात मुख्याध्यापक बन्सीधर सरांनी खोलीतून हाक मारली. "बाई, तेवढी ऑनलाइन माहिती भरा, साइट बंद पडायलीय." बाई आत गेल्या. पोरं खेळायला मोकळी झाली.

वस्तीवाले सगळे रिंगणात आणि हल्लेवाली एकटी बाहेर. नियम असा होता की हल्लेवाल्यानं आत शिरून पाट्याला हात लावला की त्यानं वस्ती जिंकली. पोरांना वाटलं, एकटी पोर काय करणार. पण ती तुराटीच्या घोड्यावर अशी आली, की श्रीराम तिला धरेपर्यंत तिचा तळहात माझ्या अंगावर होता. गरम, खरबरीत, दगड घडवणाऱ्या घरातला हात. पुन्हा खेळले. पुन्हा तीच जिंकली.

मग वरदनं नियम बदलला. "हल्लेवाल्यानं आत यायचंच न्हाई."

"मग खेळायचं कसं?" सृष्टी म्हणाली.

"तू भायेरच पळायचं."

ती थोडा वेळ बाहेर पळाली. मग थांबली. खिचडीची वेळ झाली, ताटं ओसरीवर मांडली. ती आत यायला लागली तर पोरं म्हणाली, खेळ संपला न्हाई अजून. ती ताट घेऊन उन्हात बसली. मी पाहत होतो. ज्या पोरानं नियम बदलला, त्याच्या आजीचे अश्रू मी मिरचीसोबत वाटलेले. मला सांगता आलं असतं. पण पाट्याला तोंड नाही, दुसऱ्यांच्या तोंडी जायचं वाटण तेवढं असतं.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशीच पोरं ओरडली, "हल्लेवाली आली." बोअरवर पाणी भरायला गेली तरी तेच. नाव चिकटलं. दोन-तीन दिवसांनी सृष्टी यायची बंद झाली.

बाईंना हजेरी घेताना लक्षात आलं. त्यांनी विचारलं, तर सगळा वर्ग आपापल्या पायांकडं बघायला लागला. शेवटी मैत्रेयीनं सांगितलं, अगदी खालच्या आवाजात, सगळं.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर बाई पालाकडं जाऊन आल्या. आल्या आणि माझ्यावर बसल्या. मी डुगडुगलो. बन्सीधर सर कुलूप हातात घेऊन उभे होते.

"काय म्हणाली आई?"

"म्हणाली, बाई, तुमच्यावर राग न्हाई. पण अमुशा झाली की आमी पालमकडं निघू. पोरीच्या शाळेसाठी थांबल्तो, पोरगीच न्हाई म्हणती, मग थांबून काय करायचं?"

"तिकडं शाळा असेलच की."

"मीही तेच म्हटलं. ती म्हणाली, पालामागं शाळा चालत येती का बाई?"

सरांनी हातातलं कुलूप फिरवलं. "पोरं आहेत, बाई. खेळतात, विसरतात."

"सर, मी गावाबाहेरच्या वस्तीत वाढले," बाई म्हणाल्या. "आमच्या लहानपणी आम्हाला कुणी फक्कीची रेघ दाखवली नव्हती. तरी ती कुठं आहे हे आम्हाला बरोबर कळायचं. आणि इथं मीच माझ्या हातानं आखून दिली."

सरांनी कुलूप खिशात ठेवलं आणि स्वतः जाऊन चहा सांगून आले. 

सकाळी बाई वर्गात फार बोलल्या नाहीत. पोरांना रागावल्या असत्या तर पोरांना बरं वाटलं असतं. मधल्या सुट्टीत विमलाबाई आल्या, वरदचा डबा घेऊन. खिचडी वरदच्या घशाखाली उतरत नाही म्हणे. डबा ठेवून त्या माझ्यापाशी आल्या, वाकल्या, आणि खोलगट जागेवर हात फिरवला. तो हात मी ओळखला. सालपट झालेला, पण तोच.

"हा आमचा पाटा," त्या बाईंना म्हणाल्या. "ह्यानं मला लय रडवलं."

"का हो आजी?"

"नवी आल्ते ना. काही जमंना. सासू म्हणायची, तुमच्या पालमात असंल असं."

"तुम्ही पालमच्या?"

"अजून पालमचीच हाय की." विमलाबाई हसल्या. दात राहिले नाहीत, त्यामुळं हसू सगळं तोंडभर पसरतं. "नातवंडं झाली. तरी घरात काही बिनसलं की म्हातारा म्हणतो, पालमची माणसं तशीच. मी म्हणते, मग आणलं काहून?"

 बाईंनी वरदकडं पाहिलं. वरद डबा उघडत होता.

"वरद, तू घरी कुणाला विचारलं होतंस?"

"आबाला."

"आणि मैत्रेयी, तू?"

"पप्पाला."

"आजीला कुणी विचारलं? आईला?"

कुणीच नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या आत काहीतरी हललं. दगडात हलतं ते फार बारीक असतं. जे मला कुणी विचारलं नव्हतं, ते आता विचारलं जाणार होतं. माझ्यावर वाटायला जेवढे हात फिरले, त्यातला एकही हात या गावात जन्मलेला नव्हता. प्रत्येक घरात वाटायला बसलेली बाई दुसऱ्या गावाहून आली होती. घोड्यांच्या काळातही आणि बैलगाडीच्या काळातही.

"आज पुन्हा विचारून यायचं," बाई म्हणाल्या. "पण फक्त आईला आणि आजीला."

दुसऱ्या दिवशी पोरं लवकर आली. बाईंनी खडू घेतला. प्रत्येकानं गावाचं नाव सांगायचं आणि बाईंनी ओसरीच्या फरशीवर तिकडून माझ्याकडं बाण काढायचा, तक्त्यावर होते तसे. पालम. सेलू. जिंतूर. श्रीरामची आई नांदेडकडची, आजी पैठणची. मैत्रेयीची आजी तर कर्नाटकातून आलेली, कानडी अजून विसरलेली नाही. फरशी बाणांनी भरली. सगळे माझ्यावर येऊन थांबत होते.

वरद खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, म्हंजे आमची आजी हल्लेवाली?"

"विचार तिला."

"नक्को. मारंल." पोरं हसली. वरद नाही हसला. "मग रिंगणात कोण राहिलं?"

 त्यानं स्वतःच बघितलं. रिंगणात मी होतो. मलाही सांगायचं होतं की बाबा, मी पण लांबच्या डोंगरातला, मला धरू नकोस.

अमावस्या चार दिवसांवर आली होती. बाईंनी सगळ्या आयांना आणि आज्यांना निरोप धाडला: शनिवारी शाळेत या, माहेरी जे वाटायचात ते घेऊन या. विमलाबाई म्हणाल्या, "येतो. पण ह्याच्यावर काय वाटणार? गुळगुळीत झालाय. टाकी लावावी लागंल."

टाकी लावणारं गावात एकच घर होतं.

"मी जाऊन येते," बाई म्हणाल्या.

"तुमी नका जाऊ," विमलाबाई म्हणाल्या, आणि वरदचं मनगट धरलं. "चल रे, वस्तीवाल्या."

पालापाशी काय झालं ते मी पाहिलं नाही. विमलाबाईंनी नंतर सांगितलं. वरद तिथं कितीतरी वेळ बाभळीच्या खोडाला नख लावत उभा होता. मग म्हणाला, "आमच्या पाट्याला टाकी लावायची हाय." राजेश्री म्हणाली, "लावते." तो तिथंच उभा. राजेश्री म्हणाली, "आता काय?" तेव्हा तो पालाच्या आत बघून म्हणाला, "सृष्टी, तू पण ये. तू हात लावल्ता, मी चीटिंग केली."

शनिवारी सकाळी राजेश्री आली. कमरेला पदर खोचलेला, हातात छिन्नी, हातोडी. मागं सृष्टी. राजेश्री सरळ येऊन माझ्यापुढं बसली. सृष्टी मात्र थांबली. फक्की कधीच पुसली होती, पोरांच्या पायांनी, वाऱ्यानं. तरी ती बरोबर तिथंच थांबली, जिथं रेघ होती.

राजेश्रीनं माझ्या अंगावर तळहात फिरवला.  पहिला टोचा बसला. कसं सांगू? पाय तुटला तेव्हा दुखलं होतं, तसंच दुखलं, पण उलट्या बाजूनं. टक, टक, टक. माझ्या अंगावरचा तो सगळा मऊपणा, दाढीचा साबण, कोंबड्यांची घाण, देवपणाचा उरलेला शेंदूर, बारीक पिठीसारखा उडून गेला.

"सृष्टे, पाणी," राजेश्री वर न बघता म्हणाली.

पाण्याचा तांब्या सृष्टीच्याच हातात होता. पिठी बसवायला पाणी शिंपडावं लागतं. ती पोर एकदा आईकडं, एकदा पोरांकडं बघू लागली.  मग ती चालत आली, वाकली, पाणी शिंपडलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या अंगावरून पिठी निपटली.

मैत्रेयी हळूच म्हणाली, "जिंकली."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे हसले. सृष्टीनं ओठ आवळून धरले होते, पण तिच्यानं राहवलं नाही. वरद नुसता खाली बघून मान हलवत होता.

मग बायका वाटायला बसल्या. एकीनं जवसाची चटणी आणली होती, एकीनं कारळाची. मैत्रेयीच्या आजीनं काहीतरी कानडी नावाचं वाटलं, ते कुणाला म्हणता येईना, पण सगळ्यांनी खाल्लं. वाटता वाटता बायका आपापल्या माहेरचं बोलत होत्या आणि पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. आपल्या आयांना गावं होती, हे जणू त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. विमलाबाईंनी ठेचा केला. मध्येच भुजंगराव काठी टेकत आले.

"घरात चुलीपाशी कुणीच न्हाई," ते म्हणाले. "चहा कुणी करायचा?"

"पालमला जाऊन पिऊन या," विमलाबाई न थांबता म्हणाल्या.

बायका इतक्या हसल्या की मी डुगडुगायला लागलो. तेव्हा राजेश्रीनं वाकून माझ्याखाली पाहिलं.

"ही वीट कशाला?"

"पाय तुटला हाय त्याचा," भुजंगराव म्हणाले. "आमच्या बापाची कुदळ लागली."

राजेश्रीनं वीट काढून घेतली. मी एका बाजूला कलंडलो. तिनं तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला, मग उरलेल्या तीन पायांवर.

"बसवून देते. पण ह्या शिवारातला दगड चालणार न्हाई, ठिसूळ हाय. दुसरीकडचा आणावा लागंल. दिस लागतील."

बाई एकदम म्हणाल्या, "लागू देत." मग जरा थांबून, "पण अमावस्या तर सोमवारी आहे."

राजेश्री छिन्नी पुसत होती. सृष्टी श्वास रोखून तिच्याकडं बघत होती. मला माझ्या म्हाताऱ्या घडवणाऱ्याची आठवण झाली.

"अर्धा पाय टाकून कुणी जातं का, बाई?" राजेश्री म्हणाली.

त्याला आता कितीतरी दिवस झाले. अमावस्या गेली, दुसरी आली, तीही गेली. पाल अजून बाभळीखाली आहे. त्याच्या एका बाजूला आता पत्रा लागलाय. सृष्टी चौथीत आहे. पोरं तिला सृष्टी म्हणतात. भांडण झालं की अजूनही कुणीतरी ते जुनं नाव काढतं. मग मैत्रेयी विचारते, "तुझी आजी कुठली रे?" आणि भांडण तिथंच थांबतं. पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. मी फार काळ जगलोय, पूर्ण थांबलेलं काही मी पाहिलेलं नाही.

मध्यंतरी परभणीहून एक साहेब आले होते. त्यांनी माझे फोटो काढले आणि म्हणाले की याला काचेत ठेवायला पाहिजे. बाई म्हणाल्या, बघू. माझं म्हणणं कुणी विचारलं तर सांगतो. मला काच चालेल. थकलेल्याला निजायला कुठलीही जागा चालते. पण सृष्टी चौथी पास होईपर्यंत मला इथं असू द्या. शनिवारी पोरं माझ्यावर शेंगदाणे वाटतात, अर्धे खातात, ते बघायला मिळू द्या. आणि पुढं कुणाला पोरांना शिकवायचं असेल की या मातीत कोण आलं, कोण राहिलं, तर बाण काढण्याआधी घरातल्या वाटणाऱ्या बाईला एकदा विचारा.

मी आता चार पायांवर उभा आहे. तीन जुने, एक नवा. नवा दगड जरा करडा आहे, बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. तो सृष्टीच्या बापानं पूर्णेकडून डोक्यावर आणला आणि तिच्या आईनं घडवला. पहिल्या दिवशी पोरं वाकून वाकून बघायची, कुठला नवा, कुठला जुना. आता कुणी बघत नाही. माझं वजन मात्र त्याच्यावरच जास्त येतं, कारण त्या कोपऱ्याला जमीन थोडी खोल आहे. तो पेलतो.

आता माझ्यावर कुणीही बसलं तरी मी डुगडुगत नाही.